कबुलीनंतरचे कर्म

१

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने यवतमाळ जिल्ह्यातील बौद्ध वस्त्यांमध्ये वर्षावासाचे असतात. रात्रीची जेवणे आटोपली की विहारात माणसे जमतात आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमशः वाचन होते. हेच महिने कपाशीच्या निंदणाचे, डवरणीचे आणि फवारणीचे. दिवसभर वावरात राबलेली माणसे संध्याकाळी कर्म, चेतना, शील, प्रज्ञा हे शब्द ऐकत बसतात. ऐकणाऱ्यांपैकी काहींना अक्षरओळखही नसते. पण अंगुलिमालाची कथा कोठे येते आणि तिच्या मागेपुढे काय आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. हाही एक वाचनव्यवहारच आहे, आणि त्यातून घडलेला वाचक पुढे विद्यापीठीय वर्गात आला म्हणजे अभिजात कादंबरीला काही वेगळेच प्रश्न विचारतो.

अशा विहारात ऐकत वाढलेली, पैनगंगेकाठच्या एका गावातील विद्यार्थिनी पदव्युत्तर मराठीच्या वर्गात होती. तौलनिक साहित्याभ्यासाच्या तासाला दोस्तोयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) या कादंबरीची चर्चा चालू होती. रास्कोल्निकोव्ह सोन्याच्या सांगण्यावरून बाजाराच्या चौकात येतो, वाकून जमिनीचे चुंबन घेतो आणि अखेर पोलीस ठाण्यात जाऊन खुनाची कबुली देतो, इथपर्यंत चर्चा आली. अपराधी आत्म्याचे शुद्धीकरण, दुःखातून उद्धार, कृपेचा स्पर्श ही अपेक्षित पदावली फळ्यावर उमटली. तेव्हा तिने विचारले, "त्यानं कबुली दिली, हे ठीक. पण लिझावेताचं काय झालं?" वर्गात कोणीतरी म्हणाले, "ती तर मेली." तिने शांतपणे उत्तर दिले, "तेच तर विचारते आहे."

प्रश्न वरवर पाहता भाबडा वाटतो. प्रत्यक्षात तो कबुलीच्या संपूर्ण वाङ्मयीन परंपरेलाच विचारलेला आहे. अपराध आणि कबुली यांचे नाते अपराध्याच्या अंतरंगातच पूर्ण होते काय? आणि ते तेथेच पूर्ण होत असेल, तर ज्याच्यावर अपराध घडला, त्याचे कादंबरीतील स्थान नेमके कोणते?

२

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'कबुली' हा मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ 'स्वीकार' असा आहे. 'कबुलीजबाब' म्हटले की कचेरी, फौजदार आणि अंगठा डोळ्यांसमोर येतो. मराठी ख्रिस्ती परंपरेने 'पापनिवेदन' हा शब्द वापरला. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून पाप, पश्चात्ताप आणि तारण ही साखळी मराठी गद्य कथनाच्या परिचयाची झाली. पुराणपरंपरेजवळ स्वतःची शाप, उःशाप आणि प्रायश्चित्त ही व्यवस्था होतीच. या दोन्ही परंपरांत कबुलीने किंवा प्रायश्चित्ताने काहीतरी पुसले जाते, माणसाची पाटी कोरी होते, असे गृहीत असते.

पाली परंपरेतील शब्द या गृहीतकाला अडथळा करतात. भिक्षूने आपला दोष दुसऱ्या भिक्षूसमोर प्रकट करणे याला 'आपत्तिदेसना' म्हणतात. देसना म्हणजे दाखविणे. बुद्धाने धम्म दाखविला ती देसना, आणि भिक्षूने आपला दोष दाखविला तीही देसनाच. दाखविल्याने वस्तू नाहीशी होत नाही; ती उजेडात येते, एवढेच. 'कुक्कुच्च' म्हणजे झाल्या कृत्याची मनाला लागलेली टोचणी. आपल्या नित्याच्या नैतिक समजुतीप्रमाणे अशी टोचणी हे सदसद्विवेकाचे लक्षण ठरले असते. बौद्ध विचाराने मात्र तिची गणना पाच नीवरणांत, म्हणजे चित्ताच्या आवरणांत, आळस आणि कामच्छंद यांच्या पंक्तीत केली. तिच्या उलट 'हिरी' आणि 'ओत्तप्प', म्हणजे अकुशल कृत्याची लाज आणि त्याच्या परिणामाची धास्ती, यांना जगाचे रक्षक म्हटले. टोचणी मागे पाहून तेथेच फिरत राहते. लाज पुढच्या पावलाला आवर घालते. अपराधभाव आणि नीतिभान यांत केलेला हा भेद कादंबरीच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येणार नाही.

येथे एक विलक्षण योगायोग नोंदवावासा वाटतो. दोस्तोयेव्हस्कीच्या शीर्षकातील गुन्ह्यासाठीचा रशियन शब्द 'प्रेस्तुप्लेनिये' हा शब्दशः 'पाऊल टाकून ओलांडणे' असा आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात पितृहत्या केलेला मगधराज अजातशत्रू बुद्धासमोर जो दोष मान्य करतो, त्यासाठीचा शब्द 'अच्चय', संस्कृतात 'अत्यय', म्हणजे मर्यादेपलीकडे जाणे. दोन्ही भाषांत अपराध म्हणजे ओलांडलेली रेषा. परंतु अजातशत्रूच्या वाक्याच्या घडणीत अच्चय कर्ता आहे आणि 'मी' कर्म: दोषाने त्याला ओलांडले. रास्कोल्निकोव्हचा सारा सिद्धान्त नेमका याच्या विरुद्ध टोकाला उभा आहे. असामान्य माणूसच कर्ता, आणि रेषा ही त्याच्या पायाखालची वस्तू, असा त्याचा दावा आहे. कादंबरीभर तो जे शिकतो किंवा शिकण्याचे नाकारतो, ते या दोन वाक्यरचनांमधील अंतर होय.

३

अजातशत्रूच्या कथेचा शेवट कबुलीच्या कोणत्याही वाचकाला अस्वस्थ करणारा आहे. चातुर्मासाच्या अखेरची कौमुदी पौर्णिमा, जीवकाचे आम्रवन, आणि झोप हरवलेला राजा. तो दोष मान्य करतो. बुद्ध त्याची कबुली स्वीकारतात: दोष दोष म्हणून पाहणे, धर्मानुसार त्याची भरपाई करणे आणि पुढे संयम राखणे ही आर्यांच्या विनयात वाढच होय, असा त्यांचा अभिप्राय. राजा निघून जातो. त्यानंतर बुद्ध भिक्षूंना सांगतात की या माणसाने स्वतःची मुळेच खणून टाकली. पित्याला मारले नसते तर याच आसनावर त्याला धम्मदृष्टी लाभली असती. कबुली खरी आहे, ती स्वीकारलीही गेली आहे, आणि तरीही जे गमावले ते गमावलेच. कबुलीचे मूल्य आणि कर्माचा विपाक यांची येथे अदलाबदल होत नाही.

अंगुलिमालाची कथा दुसऱ्या बाजूने हेच सांगते. मज्झिमनिकायातील या सुत्तात अंगुलिमाल आपल्या पापांची यादी वाचून दाखवीत नाही. तेथे घडते ते थांबणे. आपण केव्हाच थांबलो आहोत, आता त्यानेच थांबावे, असे बुद्ध त्याला सांगतात आणि तो शस्त्र टाकतो. पुढे भिक्षू होऊन तो श्रावस्तीत भिक्षेसाठी फिरतो, तेव्हा त्याच्यावर दगड, ढेकळे आणि काठ्या येऊन पडतात. रक्तबंबाळ होऊन तो परततो आणि बुद्ध त्याला सहन करण्यास सांगतात. हिंसा थांबली म्हणून दगड थांबत नाहीत. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात अंगुलिमालाला स्थान दिले, त्यामुळे वर्षावासात ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो परिचित आहे.

या दोन कथा मनात ठेवून रास्कोल्निकोव्हकडे परतले, तर कादंबरीचा गुरुत्वमध्य बदलतो. पोलीस ठाण्यातील कबुली हा उत्कर्षबिंदू उरत नाही. अनेक समीक्षकांना जोडल्यासारखा वाटलेला उपसंहार महत्त्वाचा ठरतो. सैबेरियात आठ वर्षांची शिक्षा भोगणारा रास्कोल्निकोव्ह प्रारंभी पश्चात्ताप करीतच नाही. आपण मूर्खपणे फसलो, याचीच त्याला लाज वाटते. म्हणजे कबुली झाली, पण थांबणे झाले नाही. नदीकाठी सोन्याच्या पायांशी तो कोसळतो, तेव्हा कोठे काही थांबते. आणि तेथेही निवेदक सांगतो की हे नवे जीवन फुकट मिळणार नाही, त्याची किंमत पुढील कृतीतून मोजावी लागेल. दोस्तोयेव्हस्कीची श्रद्धा ख्रिस्ती आहे, आणि तिला बौद्ध ठरविणे हा अप्रामाणिकपणा होईल. त्याच्या पुनरुत्थानाला कृपेचा आधार आहे. बौद्ध विचारात कृपा करणारा कोणी नाही. परंतु कबुलीने सारे संपते, असे मानणारा सोपा वाचक आणि स्वतः दोस्तोयेव्हस्की यांच्यात जे अंतर आहे, ते या दृष्टीने अधिक स्पष्ट दिसते.

आणि लिझावेता? खुनाच्या वेळी अवचित दारात आलेली, कोणत्याही सिद्धान्तात न बसणारी ही बाई. आपण तिचा विचार जवळजवळ करीतच नाही, हे रास्कोल्निकोव्हच्या स्वतःच्याच लक्षात येते. पण कादंबरी तिला विसरत नाही. सोन्या त्याला लाझारसच्या पुनरुत्थानाचा भाग वाचून दाखविते, तो नवा करार लिझावेतानेच तिला आणून दिलेला आहे. या दोघींनी गळ्यातील क्रूसांची अदलाबदल केलेली आहे. सैबेरियात रास्कोल्निकोव्हच्या उशाखाली असलेले पुस्तक तेच. त्याच्या सुटकेचे साधन त्याने मारलेल्या बाईच्या हातून आलेले आहे, आणि हे तो स्वतः कधी उच्चारीत नाही. वर्गातील प्रश्नाचे उत्तर कादंबरीत आहे; मात्र ते कबुलीच्या वाक्यात नाही, उशाखाली आहे.

४

बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना, अशी अंगुत्तरनिकायातील सुप्रसिद्ध व्याख्या आहे. हेतूला कर्माचे केंद्रस्थान देणारा हा विचार टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन' (१८९९) या कादंबरीच्या संदर्भात चकित करणारा ठरतो. कात्यूशा मास्लोवावर एका व्यापाऱ्याला विष दिल्याचा आरोप आहे. ती निर्दोष आहे, असे पंचांना वाटते. पण निकालपत्रात चोरीच्या हेतूविषयीचा खुलासा लिहिणारे पंच 'जीव घेण्याचा हेतू नव्हता' हे शब्द लिहावयास विसरतात. या विसरण्यामुळे तिला सक्तमजुरीची शिक्षा होऊन सैबेरियाला जावे लागते. एका चेतनेची नोंद राहून गेली, इतकेच. आणि पंचांमध्ये बसलेला नेखल्यूदोव्ह हाच तिच्या अधःपाताचा मूळ कर्ता असतो.

नेखल्यूदोव्हला पश्चात्ताप होतो. तो तिची क्षमा मागतो, तिच्याशी विवाह करण्याची तयारी दाखवितो. तुरुंगातील कात्यूशा त्याच्यावर उसळते. एकदा त्याने तिचा सुखासाठी उपयोग केला, आता तारणासाठी करू पाहतो आहे, असा तिच्या संतापाचा आशय. पश्चात्तापातही भोग असू शकतो, हे टॉलस्टॉयने जितके निष्ठुरपणे दाखविले, तितके क्वचितच कोणी दाखविले असेल. नीवरण म्हणजे काय, याचे याहून चांगले वाङ्मयीन उदाहरण शोधावे लागेल. कात्यूशा अखेर त्याचा प्रस्ताव स्वीकारीत नाही. तिच्या नकाराने त्याचा पश्चात्ताप प्रथमच तिच्यापासून सुटा होतो आणि जमिनीच्या, तुरुंगाच्या, कायद्याच्या प्रश्नाकडे वळतो.

मराठीत आत्मनिवेदनाच्या रूपातील कबुलीची परंपरा समृद्ध आहे. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. परंतु शहाणपण आल्यानंतर सांगणाऱ्या ययातीच्या स्वरात स्वतःच्या पतनाविषयी एक सूक्ष्म आस्वादही मिसळतो. याउलट धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' (१९२४) पाहावे. ही कादंबरी नव्हे, हे उघडच आहे. पण बुद्धाच्या शोधात पत्नी आणि तान्ही मुलगी मागे सोडून घराबाहेर पडलेल्या माणसाचे हे कथन कबुलीचा एक वेगळा नमुना ठरते. त्यात नाट्य नाही आणि स्वतःला झोडपणे नाही. जे घडले ते दाखविलेले आहे, अक्षरशः देसना. विदर्भाला कोसंबी दूरचे नाहीत. त्यांनी १९४७ साली शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम येथे देह ठेवला.

मात्र मराठीतील सर्वांत अवघड कबुली बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या शीर्षकातच आहे. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून सवर्णाच्या घरी खोली घेतो आणि ती उघड होताच मार खातो. शीर्षक चोरीची कबुली देते. चोरीला गेलेली वस्तू कोणाची होती, हा प्रश्न कथा वाचकाकडे टाकते. पंचशीलातील चौथे शील मृषावादापासून विरत राहण्याचे आहे. मग जात लपविणे हा शीलभंग ठरतो काय, असा प्रश्न बौद्ध घरातील विद्यार्थी हटकून विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. चेतनेचा निकष लावला, तर येथे कोणाला इजा करण्याचा, कोणाचे काही लुबाडण्याचा हेतू नाही. हेतू डोक्यावर छप्पर मिळविण्याचा आहे. ज्या व्यवस्थेने सत्य बोलण्याची किंमत रक्ताने ठरविली, तिचा वाटा त्या असत्यात असतो. बागुलांनी कबुलीचे व्याकरणच उलटे केले: अपराधी म्हणून उभा असलेला माणूस बोलतो आणि दोष न्यायासनाचा दिसतो. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू आणि दया असे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात, तेही या उलट्या व्याकरणाचेच पुढचे रूप म्हणता येईल. तेथे लादलेली लाज आणि स्वतःची खरीखुरी दुबळीक यांची विभागणी एकाच कथनात करावी लागते, आणि ती करताना निवेदक स्वतःला सूट देत नाही.

५

त्या विद्यार्थिनीचा लिझावेताविषयीचा प्रश्न कोठून आला होता, हे बऱ्याच दिवसांनी कळले. तिच्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाने, आत्महत्या केली होती. कपाशीचे दोन एकर वावर, सोसायटीचे कर्ज, त्यावर खाजगी देणे. त्या मृत्यूचे तीन अन्वयार्थ तिने लहानपणापासून ऐकले होते.

पहिला गावाचा: "त्याचं कर्म त्याच्यासंगं गेलं." दुसरा कचेरीचा. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला २००६ च्या शासननिर्णयानुसार एक लाख रुपयांची मदत देण्यापूर्वी नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा या कारणांची तपासणी होते आणि प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. काका दारू पीत होते, असे जबाबात आले. प्रकरण अपात्र ठरले. तिसरा अन्वयार्थ तिच्या वडिलांचा. तो त्यांनी एकदाच, कपाशीला पाणी देताना, मुलीजवळ उच्चारला: "म्या त्याले नाई म्हटलं होतं." भावाने फवारणीसाठी पैसे मागितले होते. त्यांच्याजवळ नव्हते.

या तीन वाक्यांपुढे साहित्याभ्यासाची सारी पदावली तपासून घ्यावी लागते. यवतमाळ जिल्ह्यात हा खाजगी प्रश्न नाही. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले. राज्यातील जाहीर चर्चा झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि २०१७ पासून त्या दिवशी अन्नत्याग करून तिचे स्मरण केले जाते. त्याच २०१७ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा फवारणाऱ्यांनी काळजी घेतली नाही, हा सूरही ऐकू आला. दुःख ज्याचे, दोषही त्याचाच, हे या समाजाचे जुने समीकरण आहे. त्याचे लोकप्रिय नाव 'कर्म'.

म्हणून कर्मविचाराच्या आधारे साहित्य वाचू पाहणाऱ्याने प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की गावाचे वाक्य बौद्ध नाही. संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्ध सांगतात, की माणसाला येणाऱ्या वेदनांना पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूंचा पालट, विषम परिस्थिती, बाहेरचा आघात अशी अनेक कारणे असतात. कर्मविपाक हे त्यांतील केवळ एक. सारे भोग पूर्वकर्माचेच, असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जातात. ऋतूंचा पालट! कोरडवाहू कपाशीच्या मुलखात हा शब्द उपमा राहत नाही. बाबासाहेब याच्याही पुढे गेले. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त गरिबांच्या आणि दलितांच्या स्थितीच्या जबाबदारीतून राज्य आणि समाज यांना मोकळे करतो, म्हणून तो करुणामय बुद्धाचा असू शकत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. जो वाचक १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या परंपरेत उभा आहे, त्याला 'कर्म' हा शब्द या शस्त्रक्रियेनंतरच वापरता येतो.

परंपरेतही ताण आहेत, हे लपवू नये. अंगुत्तरनिकायातील लोणफलसुत्तात मिठाच्या खड्याचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो: तोच खडा वाटीभर पाण्यात पडला तर पाणी पिण्यालायक उरत नाही, गंगेत पडला तर काहीच फरक पडत नाही. अल्प दोषाचा विपाक चित्ताच्या विस्तारावर अवलंबून असतो, हा त्याचा आशय. त्याच सुत्तात पुढचा दृष्टान्त असा की अर्ध्या कहापणापायी गरीब तुरुंगात जातो आणि शंभर कहापणांसाठीही श्रीमंताला कोणी धरीत नाही. सुत्ताला यातून चित्ताची समृद्धी सुचवावयाची आहे. पण त्या विद्यार्थिनीने हा दृष्टान्त वाचला तेव्हा ती म्हणाली, "ही उपमा नाही, हा आमचा सातबारा आहे." हे वाचन सुत्ताच्या उद्देशाला सोडून आहे, परंतु दृष्टान्तासाठी निवडलेले जग कोणते होते, हे त्याने उघडे पाडले. उपमेत गृहीत धरलेल्या अन्यायाकडे बोट दाखविणे, हे समीक्षेचे कामच आहे.

६

राहतो तिसरा अन्वयार्थ, वडिलांचा. चेतनेचा निकष लावला तर त्यांच्याकडून कोणतेही अकुशल कर्म घडलेले नाही. इजा करण्याचा हेतू नव्हता, पैसेच नव्हते. त्यांची टोचणी कुक्कुच्च आहे, असे म्हणून सिद्धान्त त्यांना निर्दोष सोडू शकतो. विद्यार्थिनीने हे एकदा त्यांना सांगूनही पाहिले. ते काही बोलले नाहीत. तिचा निष्कर्ष असा की बाबांना सुटका नको आहे. रास्कोल्निकोव्हने मारले आणि त्याला दीर्घकाळ पश्चात्ताप झाला नाही; या माणसाने मारले नाही आणि त्याचा पश्चात्ताप संपत नाही. अपराधभावाचा जो सिद्धान्त यांपैकी एकाचाच अर्थ लावू शकतो, तो अपुरा होय.

तरीही सिद्धान्ताजवळ देण्यासारखे आणखी काही आहे. असिबंधकपुत्राला केलेल्या उपदेशात बुद्ध सांगतात, की झाल्या कृत्याबद्दल हळहळल्याने ते कृत्य न केलेले होत नाही. हे ओळखून माणसाने त्या प्रकारच्या कृत्यापासून विरत व्हावे आणि चित्त मैत्रीने सर्व दिशांना विस्तारावे. म्हणजे भूतकाळाशी झगडण्याऐवजी पुढच्या कृतीकडे वळावे. वडिलांनी हा उपदेश त्या शब्दांत ऐकला असेलच असे नाही. पण भाऊ गेल्यापासून दरवर्षी मृग लागला की ते भावाच्या वावराची पेरणी आधी करतात, मग स्वतःची. पाऊस लांबला तर नुकसान आपले व्हावे, असा त्यामागचा साधा हिशेब. याला प्रायश्चित्त म्हणता येत नाही, कारण त्याने काही पुसले जावे अशी त्यांची अपेक्षाच नाही. ही कबुलीही नव्हे, कारण ती कोणासमोर दिलेली नाही. टोचणीचे लाजेत, आणि लाजेचे कृतीत झालेले हे रूपांतर आहे. दोस्तोयेव्हस्कीचा निवेदक जी पुढची गोष्ट सांगण्याचे टाळून कादंबरी संपवितो, ती अशी असू शकेल.

पण येथेच थांबलो तर या वाचनाचा शेवट एका सोशिक माणसाच्या गौरवात होईल आणि गावाचे वाक्य मागच्या दाराने परत येईल. वडिलांनी आपला नसलेला दोष वाहिला. ज्यांचा वाटा होता, त्यांचे काय? वर्षावासाच्या अखेरीस भिक्षुसंघात 'पवारणा' हा विधी होतो. त्यात भिक्षू आपणहून दोष सांगत नाही. तो संघाला विनंती करतो की आपल्याबद्दल काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल, तर ते करुणेने सांगावे. ज्येष्ठांनाही यातून सूट नाही. कबुलीत बोलण्याचा अधिकार अपराध्याकडे राहतो. काय सांगायचे, केव्हा, किती, हे तो ठरवितो. पवारणेत तो अधिकार समोरच्याकडे जातो. रास्कोल्निकोव्हने कबुली दिली, पण लिझावेताला विचारले नाही. विचारणे शक्यही नव्हते. कात्यूशाच्या संतापातून मात्र नेखल्यूदोव्हची अनाहूत पवारणा घडली, आणि म्हणूनच ती कादंबरी कबुलीच्या पलीकडे जाऊ शकली. बागुलांच्या कथेने हीच मागणी समाजाकडे केली.

अभिजात कादंबरीचे सामर्थ्य तिच्यातील कबुलीजबाबाच्या उत्कटतेवर मोजण्याची सवय मराठी समीक्षेलाही जडली आहे. त्याऐवजी असे विचारता येईल: या संहितेत ज्याच्यावर अपराध घडला त्याला बोलण्याची जागा कोठे आहे, आणि ती नसेल तर संहिता तिचा अभाव कसा वागविते? उशाखालच्या पुस्तकातून, विसरलेल्या शब्दांतून, की शीर्षकातील एका खोट्या क्रियापदातून?

'अपात्र' असा शेरा असलेला कागद अजून त्या घरातील पत्र्याच्या पेटीत आहे. त्यावर भावाचे नाव, वावराचा गट क्रमांक आणि जबाबाचा गोषवारा आहे. ज्यांनी कर्ज दिले, ज्यांनी भाव ठरविले, ज्यांनी चौकशी केली, त्यांच्याविषयी कोणी काही पाहिले, ऐकले किंवा कोणाला शंका आली काय, असा रकाना त्या नमुन्यात नाही. आश्विन पौर्णिमेला विहारातील ग्रंथवाचन समाप्त होते. तोवर कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात, आणि वेचणी भावाच्या वावरातून सुरू होते.